मडक्यातला रियाज

आता कोणत्या तोंडाने सांगू, जिवंत बापाची तिरडी बांधायला मीच लावली! हसा, हसा. मला तेव्हा दरदरून घाम फुटला होता.

आमचे आबा म्हणजे आमच्या गडब गावच्या भजनी मंडळाचे बुवा. घशाच्या दुखण्याने त्यांचा आवाज गेला आणि ते औषधपाण्यासाठी रोह्याला माझ्या बहिणीकडे राहायला गेले. जाताना घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "नामा, औंदा सप्त्यात पयला अभंग तू म्हन. मी हाय तवर मला ऐकायचाय."

आणि माझा आवाज? मी तोंड उघडलं की टाळकरी एकमेकांकडे बघायचे! म्हणून पेणला एका मास्तरांकडे शिकवणी धरली. ते म्हणाले, "नवं मडकं घ्या. पहाटे त्यात तोंड घालून खालचा 'सा' लावा, स्वतःचा आवाज नीट ऐकू येईल. आणि आज घसा ताणलाय, संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलायचा नाही!"

मी आज्ञाधारक शिष्य. गळ्याला उपरणं गुंडाळलं आणि पेणच्या बाजारात थेट कुंभार गाठला. आता बघा, पाण्याचं मडकं माणूस बोटाने वाजवून, घासाघीस करून घेतो. न वाजवता, भाव न करता मडकं कधी घेतात? तिरडीपुढे धरायला! पण माझं मौन. समोरचं उचललं, पैसे ठेवले, निघालो. कुंभाराने हात जोडले. मला वाटलं, काय नम्र माणूस आहे!

तेवढ्यात शेजारच्या सुंदराकाकी भेटल्या.

"नामा, आबा कसा हाय रं?" विचारता विचारता त्यांची नजर मडक्यावर गेली.

बोलू कसा? मी मान खाली घातली. काकींनी पदर तोंडाला लावला आणि समोरची गाडी धरली. आबांचं दुखणं किती मनाला लावून घेतलंय काकींनी, असं म्हणत मी मागच्या गाडीने आलो.

दारात बघतो तर अख्खा गाव! बांबू तोडून आणलेले, मंडळ टाळ घेऊन बसलेलं. काकींनी मला मिठीच मारली.

"रड रं पोरा, आबा गेला!"

मला काय वाटणार? गावच्या दुकानातल्या फोनवर रोह्याचा निरोप आला असणार! मौन गेलं उडत. मी असा हंबरडा फोडला की हायवेवरचे दुकानदार धावत आले. ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही फिटली, पोटचा पोर रडतोय म्हटल्यावर! मी त्यांच्यावर विश्वास ठेवून रडत होतो आणि ते माझ्यावर.

टेम्पो भरून सगळे रोह्याला गेलो. बघतो तर आबा ओट्यावर बसून पेज पितायत! त्यांनी माणसं बघितली, बांबू बघितले, माझ्या हातातलं मडकं बघितलं.

"कोन गेला रं?"

काकींनीच सगळं सांगितलं. आबा खोकला येईपर्यंत हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "मानसं हायेत, टाळ हायेत. सप्त्याची वाट कशाला बघायची? गा, नामा."

मी तोंड उघडलं. रडून रडून घसा असा बसला होता की नुसती हवा बाहेर आली. आबांनी पेजेची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "र्‍हाऊ दे. सप्त्यात म्हन." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सप्त्याच्या आधीच दुकानात रोह्याहून खरोखर फोन आला. मी दारोदार ओरडत सुटलो, "आबा गेले हो!" आणि आवाज काय लागला होता म्हणता! मोकळा, भरदार, मास्तरांनी पाठ थोपटली असती. पण एक माणूस जागचा हलेल तर शपथ. सुंदराकाकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"मडका कुठं हाय तुजा?"

मी घरात गेलो आणि रियाजाचं मडकं घेऊन आलो. ते दाखवलं तेव्हा कुठे लोक उठले. माझ्या आवाजावर मात्र गावाने अजून विश्वास ठेवलेला नाही.