मावशीच्या लेखाखाली काकांचं नाव

भूतखेत, करणी, आत्मे... या गोष्टींना मी आजवर हसतच आले. वेबसाइट करून देणं हा माझा व्यवसाय. तिथे काही अडलं तर कुणीतरी काहीतरी चुकीचं टाइप केलेलं असतं, एवढीच माझी श्रद्धा. तरी हे लिहितेय. वाचून हसलात तरी हरकत नाही.

धारवाडात सप्तापूरला माझी सुनंदामावशी राहायची. तिचे यजमान श्रीधरकाका, वकील. एका साप्ताहिकात काकांचं सदर यायचं, घरातल्या बायकांच्या सुखदुःखाचं. ‘बायकांचं मन ओळखणारा वकील’ म्हणून त्यांचे सत्कारही झाले. ते सदर पंचवीस वर्षं मावशी लिहीत होती – स्वयंपाक आटोपून, शाळेच्या वह्यांत. काका फक्त खाली आपलं नाव घालायचे. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे गप्प होते. मीसुद्धा. शेवटच्या आजारपणात ती मला म्हणाली, “एकदा तरी माझं नाव छापून यायला पाहिजे होतं बघ.”

ती गेली, आणि वर्षाच्या आत काकांनी मला बोलावलं. “माझे सगळे लेख इंटरनेटवर घालायचे. ब्लॉग करून दे की.” ‘माझे’ म्हणताना जीभ जराही अडखळली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण वह्या हातात येतील म्हणून हो म्हटलं.

शनिवार, दुपारचे चार, काकांची बाहेरची खोली. ब्लॉगचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर विनातक्रार बसलं. पहिला लेख घातला, खाली काकांचं नाव, पब्लिश दाबलं – ४०३ फॉरबिडन. म्हणजे तुम्हाला परवानगी नाही.

यात विशेष काही नसतं. सर्व्हरवर सुरक्षेचा फिल्टर असतो, मजकुराचा संशय आला की अडवतो, आणि कुठल्या नियमानं अडवलं ते एरर लॉगमध्ये लिहून ठेवतो. लॉग उघडला तर रिकामा. फाइलींच्या परमिशन्स तपासल्या, ठीक होत्या. ज्याचा सर्व्हर भाड्यानं घेतला होता त्या हुबळीच्या होस्टिंगवाल्याला फोन केला. “फिल्टर ऑफ माडीनि मॅडम, ईग नोड्री.” बंद केलाय, आता बघा म्हणे. बघितलं. ४०३.

मग लेखकाच्या जागी माझं नाव घातलं – गेला. पुन्हा काकांचं – अडला. काकांच्या नावानं नुसतं ‘नमस्कार’ लिहिलं – गेलं. मावशीच्या लेखाखाली तेवढं त्यांचं नाव चालेना.

काकांना घाम फुटला होता. “बरं, तिचं घाल,” शेवटी म्हणाले आणि वकिली थाटात सांगितलं, “कैलासवासी सौभाग्यवती सुनंदा श्रीधर,” आणि पुढे आडनाव. घातलं. ४०३.

मी ‘श्रीधर’ खोडलं. आडनाव खोडलं, तेही त्यांचंच ना. नुसतं ‘सुनंदा’ ठेवलं आणि लेख गेला. अंगावर काटा आला हे खरं. पण त्याहून जास्त बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

“माझं नाव कुठंच नाही?” काकांनी विचारलं.

“नाही काका. सर्व्हर घेत नाही.”

पुढच्या महिनाभरात सगळे लेख चढवले, एकदाही अडलं नाही. बायका भरभरून प्रतिक्रिया लिहितात, सुनंदाताई म्हणतात. काकांनीही त्यांत लिहून बघितलं – स्वतःच्या मोबाइलवरून, शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरून. दर वेळी ४०३. मी होस्टिंग बदललं, सॉफ्टवेअर नव्यानं बसवलं. दोन जाणकारांना दाखवलं, त्यांनीही हात टेकले. कारण मला आजही सापडलेलं नाही.

मग एके दिवशी काका कागद घेऊन माझ्या घरी आले. त्यावर होतं – ‘हे सगळं हिनंच लिहिलं. मी नुसतं नाव लावलं. चुकलो.’ “तुझ्या नावानं तरी घाल की यव्वा,” म्हणाले.

त्याला तीन महिने झाले. दर दोन दिवसांनी त्यांचा फोन येतो, “गेलं काय ग?”

माझ्या नावानं ते एका मिनिटात जाईल. मी अजून एकदाही घालून बघितलेलं नाही.

“नाही काका,” मी सांगते, “अजून एरर येतोय.”