माहेरच्या मडक्यावर

आमच्या सासूबाईंचं, अंजनाबाईंचं, एकच खूळ. "मले एकदा माहेरच्या लग्नात लांब पोळी टाकाची हाये." झालं! चहा पिताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. मी वैतागून म्हणायची, "आई, इथं रायपुरात, गुढियारीत का कमी पोळ्या टाकल्या तुमी?"

"थे येगळं, नीलिमा," एवढंच म्हणत.

लांब पोळीची कणीक इतकी सैल भिजवायची का ती हातावरून लोंबली पाहिजे. मग तिले कोपरापर्यंत झुलवत झुलवत लांबवायचं, अन् चुलीवर उलट्या मांडलेल्या तापल्या मडक्यावर अलगद टाकायचं. जरा चुकलं का हात पोळलाच. वर्ध्याकडं आमच्या समाजातल्या बायाईची ही करामत. सासरे रेल्वेत लागले, आई त्यांच्यामागं रायपूरले आल्या, त्या ही करामत सोबत घेऊनच. शेजारणी हसत, "दाई, ये रोटी आय के गमछा?" हसत, पण बोटं चाटून खात. साऱ्या मोहल्ल्यात त्यांचं नाव पडलं मराठिन दाई, म्हणजे मराठी माय.

माझी पोट्टी चेतना तर आजीशी हिंदीतच बोलते. आजी मराठीत विचारते, ही हिंदीत उत्तर देते. मी डाफरली का आई म्हणत, "राहू दे ना वं. समजते तिले." मग थोड्या वेळानं, भाजी निवडता निवडता, "पन मले वाटते, जिथं मले कोणी मराठिन म्हनत नाही तिथं जाऊन बसावं. जिथं सारेच तसे."

यंदा धर्मपालनं, त्यांच्या भाच्यानं, पोराच्या लग्नाचं बोलावणं धाडलं. आई अशा हरखल्या का विचारू नका. पोळ्या टाकताना नेसायले जुनं सुती लुगडं वेगळं बांधून घेतलं. गाडीत मले मायची, बहिणींची, कोणाची पोळी जाड व्हायची त्याची, सारी कथा ऐकवली. मी झोपेचं सोंग घेतलं, तरी त्या सांगतच राहिल्या.

तिथं मान तर भरपूर मिळाला बाप्पा! उतरल्या उतरल्या खुर्ची, थंडगार पाणी, पायावर डोकी. "रायपूरची आत्या आली, रायपूरची आत्या!" त्या उठल्या का कोणीतरी खांद्याले धरून परत बसवे. मागच्या अंगणात मडकी तापली होती, पोळ्या टाकाले शहरातून बाया बोलावल्या होत्या. "पाहुण्यानं का काम करा लागते, आत्या?" धर्मपाल म्हणाला. पाहुणी! मी आईकडं पाह्यलं नाही.

मग पंगत बसली. साऱ्यांच्या पानात लांब पोळी, आईंच्या पानात भाताचा ढीग. धर्मपालची बायको राधिका कौतुकानं म्हणाली, "खास तुमच्यासाठी लावला, आत्या. तुमच्या तिकडं भाताशिवाय चालत नाही ना!" तिनं मायेनं केलं, हे मले दिसत होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. माझ्या तोंडावर आलं होतं बोलायचं. आईंनी माझा हात दाबला अन् सारा भात खाल्ला.

हात धुतले अन् कोणाले न विचारता तशाच मागच्या अंगणात गेल्या. बायाईनं सरकून जागा दिली. पहिली पोळी फाटली. दुसरी मात्र हातावरून अशी उतरली का मडकं पुरं झाकलं, कुठं सुरकुती नाही. मले रडूच आलं, खोटं काहून सांगू?

शेजारची मीनल, विशीतली पोट्टी, फोन घेऊन उभी होती. "अय्या! छत्तीसगढच्या असून तुमाले लांब पोळी येते, आजी? कुठं शिकल्या?"

आईंनी पोळी उचलली, घडी केली, टोपल्यात ठेवली.

"रायपूरले शिकली, माय," त्या म्हणाल्या.

मी त्यांना बाजूले ओढलं. रागानं माझा आवाज चढला होता. "काहून खोटं बोलल्या, आई? याच अंगणात तुमच्या मायनं शिकवलं ना तुमाले?"

"खरं सांगतलं असतं तर तिनं आणखी कोणाले तरी विचारलं असतं, खरं का म्हणून," आई पदरानं हात पुसत म्हणाल्या. "अन् मले इथं मडक्यावर पोळी टाकताना पाह्यलेलं कोण उरलं हाये, नीलिमा? हो कोणी म्हटलं असतं?"