काकाजींच्या वावरातली मशीद

जगातल्या सगळ्या इमारती आपल्याला विचारून बांधायला हव्या होत्या आणि तसं न झाल्यामुळेच त्यांच्यात एवढे दोष राहिले, अशी आमच्या काकाजींची प्रामाणिक समजूत होती. त्या वर्षांत अकोल्याला बांधकामांना तोटाही नव्हता. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेला वऱ्हाडच्या कापसाची भूक लागली होती, नुकती आगगाडी आली होती. जिकडे पाहावं तिकडे वखारी, चाळी, कचेऱ्या उठत होत्या. काकाजी सकाळी मळ्याला पाणी देऊन झालं की मुंडासं गुंडाळून निघत आणि एकेका बांधकामावर हजेरी लावत. चौकट दिसली की तिच्यातून दोनदा आत-बाहेर करून पाहायचे. जिना दिसला की चढायचे. एका कचेरीच्या जिन्यात तर त्यांनी गोऱ्या साहेबालाच थांबवून सांगितलं, की पायऱ्या उंच झाल्या, म्हाताऱ्याले चढवत नाही. साहेबाला मराठी येत नव्हतं म्हणून प्रकरण तिथेच मिटलं.

काकाजी जातीने माळी. आमचे नात्याने कोणीही नव्हते, पण अख्खी आळी त्यांना काकाजी म्हणे म्हणून आम्हीही म्हणू लागलो. लोकांनी उंबरठ्यापर्यंत पऱ्हाटी लावली त्या दिवसांत हा गृहस्थ वांगी आणि भोपळे लावून बसला होता. कोणी वेड्यात काढलं की म्हणत, "कापूस काय भाकरीसंगं खाता येते?" स्टेशनाजवळच्या त्यांच्या वावराच्या तुकड्यावर एका व्यापाऱ्याचा डोळा होता, त्याला तिथे रुईच्या गाठी रचायच्या होत्या. त्याच सुमारास आम्हीही जागा मागायला गेलो. काकाजींनी दोघांचं ऐकून घेतलं आणि जागा आम्हाला दिली. कारण विचारलं तर म्हणाले, "गाठी बोलत नाईत. तुमचे पोट्टे बोलतीन तरी."

आम्ही म्हणजे बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणतात, कारण तेलाचा घाणा आम्ही शनिवारी बंद ठेवतो. रेल्वेच्या कामावर आमच्यातले सुतार, लोहार, कारकून अकोल्याला आले, मागोमाग बायकामुलं आली आणि मुलांना शिकवायला अलिबागेहून मी आलो. आमच्या ओव्हरसियर साहेबांनी, म्हणजे आमच्यातल्याच सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने, ठरवलं की इथे आपली इमारत हवी. मधोमध प्रार्थनेचं उंच दालन, दोन्ही अंगांना शाळेच्या खोल्या, मागे सणावाराला सर्वांनी मिळून मलिदा खायला अंगण. यरुशलेम आम्हाला पश्चिमेला, म्हणून धर्मग्रंथाचं कपाट पश्चिमेच्या भिंतीत आणि दार पूर्वेला. खिडक्या कमानीच्या. साहेबांनी नकाशा काढला तेव्हा काकाजी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते.

"देव कुठी बसवनार?" त्यांनी विचारलं.

"आमच्यात मूर्ती नसते, काकाजी," मी म्हणालो.

"मंग एवढी मोठी खोली कोनासाठी?"

"आमच्यासाठी. प्रार्थनेला बसायला."

काकाजींनी बराच विचार केला. प्रार्थनेच्या जागेला आम्ही आमच्या बोलीत मशीद म्हणतो, त्याचाही त्यांना उलगडा होत नव्हता. "मशीद म्हनता अन् मुसलमान नाई," ते म्हणाले. "शनिवार पाळता अन् मारुतीले जात नाई. तुमचं सारंच येगळं हाय, मास्तर. पन दार पूर्वेले ठेवलं थे बेस केलं."

पाया मुरूम लागेपर्यंत खणला गेला आणि भिंती चढू लागल्या. काकाजी आता दुसरीकडे फिरकेनासे झाले. गावातल्या गवंड्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. आमच्या खिडक्या त्यांना मुळीच पसंत नव्हत्या. एवढ्या खिडक्यांतून ऊन येईल, चोर येईल, आणि पोरं अभ्यास सोडून माझी वांगी पाहत बसतील, असं ते रोज सांगत. यातलं तिसरं खरं ठरलं. एकदा साहेब कामासाठी चार दिवस मूर्तिजापूरला गेले होते. तेवढ्यात काकाजींनी गवंड्यांना हाताशी धरून इमारतीच्या पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत ओटा बांधून टाकला. साहेब परत आले ते लालबुंद झाले. "हा नकाशात नाही," ते म्हणाले.

"नकाशात मानसं बी नाईत," काकाजी म्हणाले. "थे आल्यावर बसतीन कुठी?"

साहेबांना पुष्कळ बोलायचं होतं, पण उन्हातून चालत आल्यामुळे बोलण्याआधी ते त्याच ओट्यावर टेकले. ओटा राहिला.

मग काम अडलं. भिंती पुऱ्या झाल्या, पण छपराचं सागवान मेळघाटातून येऊन अंजनगाव सुर्जीला पडून राहिलेलं. ते आणायला गाडीच मिळेना. जिल्ह्यातला प्रत्येक बैल कापूस ओढत होता. पावसाळा तोंडावर आला. उघड्या भिंतींवर पाणी पडलं असतं तर पायाभोवतीच्या काळ्या मातीने फुगून सगळा खेळखंडोबा केला असता. साहेबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. एके सकाळी काकाजी ओट्यावर दिसले नाहीत. त्यांच्या घरी गेलो तर काकी म्हणाल्या, "थे गेले ना अंजनगावले. दोन्ही गाड्या अन् भावाचे बैल घेऊन गेले. म्या म्हनलं, वांगी तोडाले आली हायेत. आयकते कोन?"

काकाजी परतले ते नेमके शनिवारी दुपारी. आभाळ भरून आलेलं, गाड्यांवर सागाच्या तुळया, आणि आम्ही सगळे ओट्यावर हात बांधून बसलेलो. शब्बाथ म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी आम्ही काम करत नाही, दुसऱ्याला सांगूनही करवून घेत नाही. साहेबांचा चेहरा पाहवत नव्हता. मी हळूच म्हणालो, "काकाजी, तुम्ही स्वतःहून उतरवलंत तर आमची ना नाही. आम्ही सांगू शकत नाही, एवढंच."

काकाजींनी बैल सोडले, त्यांना वैरण टाकली आणि घरातून ताडपत्री आणून तुळयांवर पसरली. मग येऊन आमच्या शेजारी बसले. "तुमच्या देवाचा दिवस हाय," ते म्हणाले. "त्याले काहून दाखवाचं का मास्तरनं माया हातानं काम उरकून घेतलं म्हनून?" तारे दिसेपर्यंत ते तिथेच बसले आणि सगळा वेळ खिडक्यांना नावं ठेवत राहिले. पाऊस त्या दिवशी हुलकावणी देऊन गेला. छप्पर चढलं. काकाजींची वांगी मात्र झाडावरच जून झाली. त्याबद्दल आमच्यापैकी कोणी शब्द काढला की ते बैलांविषयी बोलायला लागत.

त्या इमारतीत आम्हाला दोन-तीन वर्षंच मिळाली. अमेरिकेतली लढाई थांबली, कापसाचा भाव बसला, आणि लाइन पुढे सरकली तशी आमची माणसंही पुढे सरकली. ओव्हरसियर साहेब चांदूरला गेले, सुतार नागपूरकडे. सामुदायिक प्रार्थनेला आमच्यात दहा पुरुष लागतात. एका शनिवारी आम्ही नऊच भरलो आणि दहाव्याची वाट पाहत खोळंबलो. काकाजींना कारण कळलं तेव्हा चपला काढून ते आत आले.

"मी बसतो ना," ते म्हणाले.

तसं चालत नाही, हे त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी कसंबसं सांगितलं. ते रागावले नाहीत. "बरं. मोजू नका," म्हणाले, आणि भिंतीला टेकून बसले. आम्ही नऊ जणांनी जेवढं एकेकट्याने म्हणता येतं तेवढं म्हटलं. ते संपेपर्यंत काकाजी हलले नाहीत.

शेवटी मीही मुंबईला निघालो. शाळा आळीतल्या मुलांनी भरली होती, तिला नवा मास्तर मिळाला. धर्मग्रंथाची गुंडाळी रेशमी कापडात बांधून मी बरोबर घेतली. काकाजी स्टेशनवर आले आणि डबा कसा बांधला आहे ते पाहतो म्हणून आत चढले. त्यांनी फळ्या दाबल्या, खिडकी वर-खाली केली, माझ्या समोर बसून पाहिलं. शिट्टी झाली तरी उठेनात.

"काकाजी, गाडी सुटली," मी म्हणालो.

"दिसून राहिलं मले."

"आणि तिकीट?"

त्यांनी मुंडाशातून काढून दाखवलं. शेगावचं होतं. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी मागे पळत होती आणि काकाजी मांडीवर हात ठेवून पाहुण्यासारखे बसले होते. शेगावला ते उतरले, खिडकीशी आले, गुंडाळीला लांबूनच हात जोडले, आणि रुळांच्या कडेने अकोल्याच्या दिशेला चालू लागले. मला पोचवायला पुढे कितीतरी माणसं कितीतरी स्टेशनांवर आली. गाडीत बसून आलेले ते एकटेच.