‘बंद करू नये’

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एकच असतं: सरांचे. यावल तालुक्यातल्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. माझे वडील केळीच्या बागांत घड वाहायचे आणि दहावीनंतर मीही त्याच कामाला जाणार, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. एका संध्याकाळी सर आमच्या दारात येऊन बसले, आईने दिलेला कोरा चहा प्यायले आणि वडिलांना म्हणाले, "भाऊ, याला जळगावला पाठवा. वसतिगृहाचं मी बघतो." वडील हो म्हणाले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्या संध्याकाळमुळे.

सर निवृत्त होऊन धुळ्याला देवपुरात राहायला गेले. मी जळगावात एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीला लागलो. सणावाराला भेटायला जायचो. त्यांच्याकडे जुन्या कॅसेटची एक पेटी होती. आकाशवाणीवरून टेप केलेली बासरी, सतार, गावातली भजनं. टेपरेकॉर्डर कधीच बिघडला होता. सर कॅसेट हातात घेऊन फक्त वरची अक्षरं वाचायचे.

मी ती पेटी जळगावला आणली. सुट्टीच्या दिवशी मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर एकेक कॅसेट लावून सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं. मग तळहाताएवढा एक छोटा कॉम्प्युटर घेतला, त्यात मेमरी कार्ड घातलं आणि टीव्हीच्या मागे बसेल असा डबा केला. रिमोटचं बटण दाबलं की टीव्हीवर यादी येणार, हवं ते वाजणार. सरांनी पहिल्यांदा बासरी लावली आणि डोळे मिटून बसले. मला कारखान्यात कोणतंही बक्षीस मिळालं असतं तरी एवढं वाटलं नसतं.

एकच गोष्ट मी बजावून सांगितली. हा डबा भिंतीवरच्या बटणाने बंद करायचा नाही. आतला कॉम्प्युटर सतत कार्डावर काहीतरी लिहीत असतो. मध्येच वीज काढली, तर लिहिणाऱ्याच्या हाताखालून वही ओढल्यासारखं होतं आणि पुढच्या वेळी त्याला स्वतःचंच अक्षर लागत नाही. आधी रिमोटने बंद करायचं. सरांनी मान डोलावली. आपल्या वळणदार अक्षरात पुठ्ठ्यावर ‘बंद करू नये’ असं लिहून तो दोऱ्याने बोर्डावर अडकवला.

पुढच्याच आठवड्यात फोन आला. "अरे, तुझा डबा उठतच नाही."

गेलो. लाल दिवा लागत होता, पण कार्ड वाचताना लुकलुकायला हवा तो हिरवा दिवा थंड होता. टीव्हीवर ‘सिग्नल नाही’. केबल बदलून पाहिली, टीव्हीच्या दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. शेवटी सोबत आणलेलं दुसरं कार्ड घातलं तेव्हा चालू झालं. कार्ड हलकं निघालं असेल, असं मी सरांना सांगितलं.

थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. या वेळी काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायच्या आणि एका जागी थांबायच्या. मला वाटलं, वीज कमी पडत असेल. जास्त ताकदीचा अडॅप्टर आणला. तरी पुढच्या खेपेला कार्ड मेलेलं. मग नामांकित कंपनीचं कार्ड आणलं. मग डबाच जळगावला नेऊन माझ्या टेबलावर चालू ठेवला. महिनाभर एकदाही अडखळला नाही. धुळ्याला नेऊन लावला आणि आठवड्यात फोन.

"सर, रिमोटनेच बंद करता ना?"

"तू सांगितलं तस्संच करतो रे."

त्यावर पुढे काय विचारणार? आमच्या वर्गात एकाने प्रयोगवहीत गाइडमधली रीडिंग उतरवली होती, तेव्हा सरांनी ते पान फाडून त्याच्या हातात दिलं होतं. "जे दिसलं ते लिही. चुकीचं दिसलं तर चुकीचं लिही. पण न दिसलेलं लिहू नको." असं म्हणणाऱ्या माणसाच्या सांगण्यावर मी संशय घ्यायचा? मी संशय माझ्यावर घेतला. कारखान्यातल्या दहा हॉर्सपॉवरच्या मोटरचा दोष नुसत्या आवाजावरून ओळखणारा मी, रात्री अंथरुणात तळहाताएवढ्या डब्याचा विचार करत पडायचो. सर प्रत्येक वेळी समजुतीने म्हणायचे, "असू दे, जमेल हळूहळू." ते मला जास्त लागायचं.

शेवटच्या खेपेला मी सगळं नव्याने घातलं. सरांना बासरी लावून दाखवली, निरोप घेतला आणि रिक्षा स्टँडपर्यंत आलो, तेव्हा लक्षात आलं की टेस्टर टीव्हीखाली राहिला. परत फिरलो.

दार उघडं होतं. आत बासरी अजून वाजत होती आणि सर बोर्डापाशी उभे होते. शेजारचे शेठ ओट्यावरून आत डोकावून बोलत होते. त्यांचं किराणा दुकान आहे. घराणं मूळचं राजस्थानचं, पण बोली इथलीच. सरही शेजाऱ्यांशी अहिराणीच बोलतात.

"काय गुरुजी, गया का तुमना इंजिनिअर?"

"गया. बठ्ठं, सगळं नवं करी गया."

"मंग वाजू द्या ना गाना."

"नको रे बाप. ते चालू राह्यनं का मना जीव खालवर व्हस. शॉर्टबिर्ट व्हयनं तर? बटन बंद करं का मंगच झोप येस." आणि सरांनी बोर्डावरचा पुठ्ठा काढला, बटण खट्कन बंद केलं. बासरी मध्येच तुटली.

शेठ हसले. "आन् त्याले काय सांगतस?"

"रिमोटवर बंद करस, आसं सांगस. खरं सांगं तर आजून एक डबा लई येई!"

"एवढा मोठा इंजिनिअर, आन् एक डबा सुधरस नही त्याले?"

मी पायरीवर थांबलो होतो. या प्रश्नाचं खरं उत्तर आजवर जगात एकाच माणसाला माहीत होतं. सर हसले आणि म्हणाले, "पोऱ्या पुस्तकी शे. दुसरं काय!"

मी चप्पल काढून आत गेलो. सरांच्या हातात पुठ्ठा तसाच होता. त्यांनी तो पाठीमागे धरला, लहान मुलं धरतात तसा.

"अरे, परत?"

"टेस्टर राहिला सर."

"चहा टाकू?"

"नको. बस चुकेल."

शेठ दुकानाकडे निघून गेले. मी टेस्टर उचलला, नेहमीसारखा वाकून नमस्कार केला आणि निघालो. पारोळ्यापर्यंत मला बसमधलं काही दिसलं नाही. बटणाचं मी समजू शकतो. आमच्याकडे विजेच्या कमी-जास्त दाबाने कुणाचा फ्रिज, कुणाची मोटर जळालेली असतेच. झोपण्याआधी घरभर फिरून बटणं बंद करणं हे दाराला कडी लावण्यासारखंच. शाळेच्या प्रयोगशाळेत मला ती सवय सरांनीच लावली. पण मी गुडघ्यांवर बसून दोष शोधत असताना ते खुर्चीतून सगळं बघत होते.

फोनवर सरांचा आवाज आला की माझी जीभ वळत नाही. म्हणून पोस्टाने पत्र पाठवलं:

आदरणीय सर,

तुमच्या तब्येतीची चौकशी दरवेळी आधी करतो, ती आज शेवटी करीन.

तुम्ही बटण बंद केलेलं मी पाहिलं. पुठ्ठा मी येण्याच्या दिवशीच लावला जातो, हेही कळलं. शेठना तुम्ही माझ्याबद्दल जे म्हणालात, ते ऐकलं. जे दिसलं ते लिहायला तुम्ही शिकवलंत, म्हणून लिहितो आहे.

डबा नको, भीती वाटते, असं तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला असतात तर मी तुमचा जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला असता. मला राग डब्याचा नाही. मी इतके महिने माझ्या शिक्षणावर शंका घेतली आणि ती तुम्ही घेऊ दिलीत. ते शिक्षण तुम्हीच मिळवून दिलं होतं.

डबा काढून कपाटात ठेवा. कॅसेट मी पुढच्या खेपेला घेऊन येईन. ती खेप कधी होईल, ते आज सांगता येत नाही.

एक विनंती आहे. शेठ रोज संध्याकाळी ओट्यावर येतात. त्यांना एकदा सांगा, की डबा चांगला होता.

गुडघेदुखी कशी आहे?

आपला विद्यार्थी