अख्खी पाठ मागणाऱ्या बाई

बाई मटण खात नव्हत्या. अंडंसुद्धा नाही. तरी शहापूरच्या बाजारात माझ्या मटणाच्या दुकानासमोर रविवारी पहिला नंबर त्यांचाच. हातात स्टीलचा डबा आणि मागणी एकच, "अख्खी पाठ द्या. मधून फोडायची नाही."

रविवारच्या गर्दीत अख्खी पाठ कोण देतो? पाठ फोडली नाय तर चाप निघत नाय, गिऱ्हाईक बोंबलतं. मी सरळ नाय म्हटलं. पुढच्या रविवारी परत हजर. तिसऱ्या रविवारी मीच हरलो. मला हरवणारं दुसरं माणूस तालुक्यात नव्हतं, हे इथं लिहून ठेवतो.

हायवेलगत त्यांचा लहानसा दवाखाना होता. नव्वदचं दशक सरता सरता मुंबई सोडून आलेल्या, मणक्याच्या डॉक्टर. झाडावरून पडलेले, ओझ्यानं कंबर गेलेले, कसाऱ्याच्या घाटात गाडीतून फेकले गेलेले, सगळे त्यांच्याकडं. त्यांची रीत वेगळी, पाठ उभी चिरायची नाही. पेन्सिलीएवढी नळी आत घालायची, तिच्यातून दुर्बीण, आणि पडद्यावर बघत बघत दबलेली शीर मोकळी करायची. रविवारी हाडांचे तरुण डॉक्टर ही विद्या शिकायला यायचे. माणसाच्या पाठीला हात लावण्याआधी बकऱ्याच्या पाठीवर.

पहिली पाठ मी मोठ्या हौसेनं दिली. आतली पांढरी दोरी ओढून काढली, पडदे खरवडले, तीन पाण्यांनी धुतली. गिऱ्हाईक डॉक्टर आहे, स्वच्छ नको? बाईंनी डबा उघडला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, तुम्ही घाण म्हणून फेकलंत ना, तिच्यासाठीच तर माझी शाळा आहे! शीरच नाही तर सांभाळायला काय शिकवू?"

मला पटलं. तोंडानं म्हटलं नाय.

पुढं त्या मला शाळेतच बोलवायला लागल्या. दोन मणक्यांमधली फट मी डोळे मिटून अंगठ्यानं दाखवायचो, आणि हे शिकलेले लोक वहीत लिहून घ्यायचे. बाई मला सगळ्यांसमोर 'मास्तर' म्हणायच्या. मी तिसरीतून पळालेला. कुणी हसलं की बाई म्हणायच्या, "तुम्ही पाठ पुस्तकात पाहिली. यांनी रोज पाहिली. गप्प बसून ऐका."

त्यात मुरबाडकडची एक डॉक्टरीण होती, म्हसा गावाच्या अलीकडची. नळी घालायची, थांबायची, परत घालायची. मी बाईंना म्हटलं, "हिचा हात घाबरट हाय. हिला नका शिकवू."

"घाबरतो तो हात थांबतो, मास्तर. न थांबणारे मी मुंबईत पुष्कळ पाहिलेत."

मग एक दिवस बाईंचाच उजवा हात थरथरायला लागला. त्यांनी त्याच दिवशी हत्यार खाली ठेवलं, परत उचललं नाही. म्हणाल्या, "आता मुरबाडची करील, मी शेजारी उभी राहीन." पण बकऱ्यावर शिकलेल्या पोरीच्या हातात पाठ कोण देणार? पेशंट दारातून परत जायला लागले. मुंबईचे दोन मोठे डॉक्टर येऊन सांगून गेले, ही विद्या मोठ्या इस्पितळाची आहे, खेड्यात शिकवायची नाही. एका पेशंटचा पाय गेला तरी शाळा बंद करायला लावू.

नेमका तेव्हाच माझा डावा पाय सुन्न पडला होता. धडं उचलून उचलून शीर दबलेली. बाईंनी मला काही म्हटलं नाही. मीच म्हटलं, "घ्या ही पाठ. अख्खी हाय."

बायको पेटली. "बकऱ्यांच्या पाठी दिल्या त्या काय कमी झाल्या? आता स्वतःची देता काय?"

"देतो. माझी हाय."

भूल फक्त कातडीपुरती. मी पालथा, पूर्ण जागा, नळी मुरबाडच्या पोरीच्या हातात. बाई कानाशी वाकून म्हणाल्या, "पायात कळ आली की ओरडायचं, मास्तर. तुम्ही ओरडलात तरच तिला कळेल, शीर कुठं आहे." बाहेर अर्धा बाजार बसलेला. त्यांना ऐकू जाईल असा मी ओरडतो काय?

नळी आत सरकली. कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत वीज गेली. मी दात आवळले. आणि हात थांबला. पडद्यावर डोळे ठेवून करंगळी पेशंटच्या पाठीवर टेकवायची, ही बाईंची शिस्त होती.

"काका, श्वास का धरलात?"

"नाय धरला."

"धरलात. माझ्या करंगळीला कळलं. कळ आली ना?"

"थोडी."

"मास्तर!" बाई कडाडल्या.

"लय आली गो!" मी असा ओरडलो की बाहेर बायकोनं देवाचा धावा केला. पोरीनं नळी केसभर मागं घेतली, बाजू बदलली, काम पुरं केलं. बाईंनी तिला एक शब्द सुचवला नाही. थरथरता हात दुसऱ्या हातात धरून भिंतीशी उभ्या होत्या.

संध्याकाळी मी बाजारातून चालत घरी गेलो, मुद्दाम लांबच्या रस्त्यानं. आठवड्याभरात पेशंट परत यायला लागले. शाळा चालली, बाई होत्या तोवर चालली.

त्या गेल्यावर मुंबईत शोकसभा झाली. मीही गेलो. शाळा बंद करू म्हणणाऱ्या त्या दोघांतला एक डॉक्टर स्टेजवर बोलत होता, "साधनं नसताना, बकऱ्याच्या हाडांवर का होईना, बाईंनी आपल्या परीनं प्रयत्न केला." ते 'का होईना' मला झोंबलं. मी उभा राहिलो.

कुणी म्हणालं, "आजोबा, बसा."

"नाय बसणार." मी सभेकडं पाठ केली आणि सदरा वर उचलला. "बाईंच्या विद्यार्थिनीनं केलेलं काम हाय. टाका शोधा."

डॉक्टर खाली उतरला. चष्मा लावला. वाकला. मुरबाडची डॉक्टरीण पुढं बसली होती, डोळे पुसत होती. ती आता हसायला लागली.

"काका, पुरे. सदरा खाली घ्या."

"नाय गो. त्यांना सापडू दे आधी."