दाजी आणि टॉकीजचे स्पीकर

काळजी करण्यात आमच्या दाजींचा हात धरेल असा माणूस वाशीच्या खाडीपासून तळोज्यापर्यंत सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. साताऱ्याकडून येऊन कांदा-बटाटा मार्केटात माथाडी झाले. भरली गोणी पाठीवर घेऊन हसत चालायचे, पण घरी कुकरची तिसरी शिट्टी लांबली की उठून उभे राहायचे. पावसाळ्यात पावसाची काळजी आणि उन्हाळ्यात तो वेळेवर येईल का याची. आणि या सगळ्यांच्या वर एक कायमची काळजी, ती म्हणजे त्यांचे चार जुने स्पीकर.

गावाकडची टुरिंग टॉकीज बंद पडली तेव्हा दाजींनी हे स्पीकर मालकाच्या मागे लागून मिळवले. छातीएवढी लाकडी खोकी, आत कागदाचे पडदे. तसला कागद आता कुठे मिळत नाही, फाटला की संपलं. मार्केट म्हटलं की उंदीर आलेच, म्हणून दाजी प्रत्येक खोक्यामागे डांबरगोळ्यांची पुरचुंडी बांधत. त्यामुळे गाणं यायचं ते ट्रंकेतल्या लुगड्यांच्या वासासकट. थंडीत खोक्यांवर वाकळ. अक्का म्हणायची, "मला हुडहुडी भरली तर म्हणतात चहा घे, आणि त्या खोक्यांना माझी वाकळ." पण आवाज असा, की गाणारी बाई समोर उभी आहे असं वाटावं. नवरात्रात रविवारी संध्याकाळी मार्केटच्या लांबलचक शेडमध्ये बायकांच्या टिपऱ्या रंगायच्या, त्या दाजींच्याच स्पीकरवर.

नव्वदच्या दशकात मध्येच कधीतरी बासाची, म्हणजे दणदणत्या जाड आवाजाची साथ आली. रिक्षात बास, लग्नात बास, बारशातसुद्धा बास. मार्केटच्या नवरात्र मंडळाचे अध्यक्ष कोपरखैरण्याच्या गावठाणातले, आडपडदा नसलेला माणूस. ते दाजींना म्हणाले, "आवाज गोड हाय, पन छातीत धक्का लागत नाय. यंदा धक्का नाय लागला, तं मंग दुसऱ्याला बोलवू."

दाजींना जेवण गोड लागेना. जुन्या स्पीकरमधून जबरदस्तीने बास काढला तर कागद फाटणार, नाही काढला तर ते कायमचे वाकळेखाली जाणार. तेव्हा मी तोंड उघडलं. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, बी.एस्सी., तेही फिजिक्स घेऊन. गप्प बसणं शोभलं नसतं. मी सांगितलं, नुसता बास वाजवणारे दोन डबे आणा, सबवूफर म्हणतात त्यांना. मध्ये एक छोटं यंत्र बसवू. जाड आवाज ते डब्यांकडे पाठवेल, बाकीचा जुन्यांकडे. जुन्यांना उलट आरामच.

"पाव्हणं, तुमी शिकल्यालं हाय," दाजी म्हणाले, "पर कागद फाटला तर तुमची डिग्री चिकटवायची का तितं?"

त्या दिवसापासून दाजींची काळजी मलाही लागली. उद्या काही फाटलं तर बहिणीच्या घरी कुठल्या तोंडाने जायचं?

डबे आले. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी सरावाला पोचलो, तर जुने स्पीकर शेडच्या एका टोकाला आणि सबवूफर पार दुसऱ्या टोकाला. "नव्याच्या दणक्यानं जुन्यांचं सांधं खिळखिळं व्हत्याल," दाजी म्हणाले. "लांबनंच नांदू द्या."

गाणं लागलं. बायकांनी फेर धरला. फेर जुन्या स्पीकरकडे सरकला की ठोका मागून यायचा, डब्यांकडे सरकला की गाणं मागून. निम्म्या बायका शब्दांवर टिपरी मारत होत्या, निम्म्या ठोक्यावर. अक्काची टिपरी शेजारणीच्या बोटांवर बसली. अध्यक्ष खांबाला टेकून बघत होते. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

मी खडू घेतला आणि खांबावर आवाजाचा वेग मांडला. अंतर भागिले वेग, इतका उशीर; म्हणून डबे जुन्यांशेजारीच हवेत. दाजींनी सगळं आदराने वाचलं, पण डबे हलवायला काही हात लावेनात. कार्यक्रमाला तास उरला होता.

दाजींनी बोट चोळणाऱ्या शेजारणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाव्हणं, एका गोणीला दोन मानसं लागली, तर एक हितं आन दुसरा गेटावर ऱ्हाऊन उचलतोय व्हय? खांद्याला खांदा लावाय लागतो. आन जड बाजू तरण्यानं घ्यायची."

"तेच मी मघापासून सांगतोय."

"तुमी खांबाला सांगत व्हता."

डबे उचलून जुन्यांच्या शेजारी आणले. हादरा लाकडात जाऊ नये म्हणून दाजींनी डब्यांखाली बारदानाच्या घड्या घातल्या. मग एक तळवा जुन्या खोक्यावर ठेवून दुसऱ्या हाताने बासाचं बटण तिळातिळाने वाढवत नेलं. कार्यक्रम संपेपर्यंत तो तळवा त्यांनी उचलला नाही. टिपऱ्या मात्र अशा एका ठोक्यात पडल्या की शेडचे पत्रे साथीला वाजू लागले.

शेवटी अध्यक्ष आले आणि नव्या डब्यांवर थाप मारून म्हणाले, "दाजी, यांनी जान आनली. पुढच्या वर्षी बी तुमीच." बायकाही जाताना डब्यांनाच हात लावून बघत होत्या. जुन्यांकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. मला वाईट वाटलं. म्हटलं, "दाजी, गायले तुमचे, आणि कौतुक त्या डब्यांचं."

दाजी एकेका खोक्याचं फडकं बाजूला करून आतल्या कागदावरून बोट फिरवत होते. "फाटलं असतं तर समद्यांनी बघितलं असतं," ते म्हणाले. चौथा कागदही शाबूत निघाला. मग ते रिकाम्या शेडमध्ये पाय पसरून बसले, स्पीकरला पाठ टेकून. कपाळावर एक आठी नव्हती. इतक्या वर्षांत त्यांना इतकं निवांत मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि का कोण जाणे, त्या दिवशी पहिल्यांदाच ते मला म्हातारे वाटले.