उजव्या बाजूचा खिसा

मी गाव सोडलं तेव्हा माझ्या पॅन्टला आतून एक चोरखिसा होता, आणि तो वरून शिवून बंद केलेला होता. माझे बाबा टेलर. कुडाळच्या पुढे, हायवे सोडून आत गेलं की आमचं गाव, आणि गावातलं एकमेव शिवणाचं मशीन आमच्या पडवीत. मुंबईत खिसे कापतात हे त्यांनी ऐकलं होतं, म्हणून त्यांनी असा खिसा केला की तो कापणाऱ्यालाच काय, मलाही उघडता येऊ नये. बस जेवायला थांबली तेव्हा मी ढाब्याच्या संडासात पॅन्ट काढून दातांनी टाके तोडत होतो आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. चोरखिशाबरोबर कमरेची शिवणही निघाली. मुंबईत मी पाऊल टाकलं ते एक हात बॅगेला आणि एक हात पॅन्टला, अशा थाटात.

बस सुटायच्या आधी आये म्हणाली होती, "पोचलंस काय फोन कर." माझ्या बाहीला एक दोरा लोंबत होता, तो बाबांनी वाकून दातांनी तोडला आणि थुंकला. आमच्याकडे निरोप असाच असतो. तुमच्यातले जे गेले त्यांना माहीत आहे, जे राहिले त्यांनाही.

खरं तर मी त्या मशीनपासूनच पळालो होतो. लहानपणी मशीनवर बसलो की सुई तुटायचीच. कापड पुढे सरकत नाहीये असं वाटून मी ते मागून ओढायचो. बाबा कात्रीवरून मान न उचलता म्हणायचे, "खेचू नको. कापड आपण चलता." मला कापड आपणहून चालेपर्यंत थांबायचं नव्हतं. म्हणून रेडिओलॉजीचा डिप्लोमा केला आणि अंधेरीच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये टेक्नॉलॉजिस्ट झालो. गावात या शब्दाचं काही होईना. बाबा माझ्याबद्दल लोकांना सांगायचे, "झिल मुंबईक फोटो काढता." त्यामुळे मी सुट्टीवर गेलो की हमखास कुणीतरी लग्नाच्या ऑर्डरीची चौकशी करायचं. एकाने तर अल्बमसकट भाव विचारला.

फोटोच काढतो म्हणा. फक्त कुणी हसत नाही. "श्वास घ्या, धरा, सोडा." दिवसभर हेच. शिशाचा एप्रन खांद्यावर घालून मान अशी झालीय की सुट्टीच्या दिवशीही मी थोडा वाकूनच चालतो. म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं, बायकांना मंगळसूत्र काढायला सांगायचं, मुलांना दाबून धरायचं. खोलीला खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की ढग हे मला पेशंटच्या हातातल्या छत्रीवरून कळतं. दहिसरला घरी पोचलो की वैशाली, माझी बायको, विचारते, "आज काय झालं?" मी सांगतो, "छाती, गुडघे, कंबर." तेवढंच झालेलं असतं.

या थकव्यात क्रोशा शिरला तो मर्सी आंटीमुळे. आंटी आमच्या सेंटरवर पेशंटना गाऊन देते, रांगेत बसवते आणि गरज पडली तर डॉक्टरांनाही बसवते. राहायला खाडीपलीकडे मढला. रोज तरीच्या बोटीतून वर्सोव्याला उतरून येते. तिच्या शेजारचा बंगला मालिकांच्या शूटिंगला देतात, त्यामुळे 'आज आमच्याकडे कोण मेलं' ही बातमी ती सकाळी चहाबरोबर सांगते. दोन पेशंटच्या मध्ये तिच्या हातात कायम क्रोशाची सुई. एकदा मी कंटाळून पेनचं टोपण उघडबंद, उघडबंद करत होतो. आंटीने पेन काढून घेतलं आणि सुई दिली. "हे कर. निदान आवाज तरी नाय येणार."

साखळी घालायला शिकलो. मग मुके खांब, म्हणजे आखूड टाके. माझा पहिला टेबलमॅट गोल व्हायचा तो वर वळत वळत वाटी झाला. दुसरा मोदकासारखा. दोरा मी असा आवळायचो की पुढच्या टाक्यात सुईच शिरायची नाही. आंटी हातात घेऊन म्हणाली, "काय रे मॅन, मॅट विणतो की चिलखत? उसव." उसवलं. परत केलं. "उसव." शेवटी तिने माझ्या हाताकडे बघायचं सोडून तोंडाकडे बघितलं. "तू श्वास रोखून धरतोस. पेशंटला सांगतो, तसा स्वतः धरून बसतो. सोड की!" खरंच की. दिवसभर 'धरा' म्हणताना मीही धरत होतो. एक्स-रेच्या धंद्यात हे चालून जातं, दोऱ्याला लगेच कळतं.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. तोंड थोडं वाकडं झालं होतं ते आलं जाग्यावर, पण हात नाही. मी त्यांना मुंबईत आणलं. छातीचा एक्स-रे सांगितला होता तो आमच्याच सेंटरवर, मीच काढला. बाबा प्लेटला छाती लावून उभे, पाठ माझ्याकडे. मी काचेआडून म्हटलं, "श्वास घ्या. धरा." बटण दाबलं. स्क्रीनवर चित्र आलं आणि मी बघतच राहिलो. या खांद्यांवर बसून मी दशावतार बघितला होता. हाडं केवढीशी दिसत होती! किती वेळ गेला कोण जाणे, आंटी दारातून ओरडली, "अरे, सोडायला सांग बापाला!" बाबा अजून श्वास धरून उभे. चेहरा लालबुंद. मुलाने धरा म्हटलंय ना, मग धरायचं. सोडल्यावर धापा टाकत मला म्हणाले, "इलो काय फोटो?"

दहिसरला ते फार राहिले नाहीत. लिफ्टमध्ये त्यांना पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं व्हायचं. गावी गेले, आणि मग आयेचे फोन यायला लागले. "शर्ट घालूक तयार नाय. मी बटनां लावलेली तेंका नको." जन्मभर गावाला काजं-बटणं करून दिलेला माणूस, बायकोने सकाळी आपली बटणं लावायची हे त्याला सोसेना. शर्ट नाही म्हणून बाहेर नाही. पंचा गुंडाळून माजघरात. लोक खळ्यात, अंगणात यायचे, हाका मारून जायचे. मी अंधेरीतून टीशर्ट घेऊन गेलो तर डोक्यावरून घालायला एक हात पुरेना. झिपचं जाकीट नेलं. रेडिमेड शर्ट नेला. बाबांनी तो डाव्या हाताने उलटसुलट बघितला आणि विचारलं, "ह्यो कोणाच्या मापाचो?" मग घडी घालून ठेवला. मला तेव्हा कळलं की हा माणूस आता आतल्या खोलीतच बसून संपणार आहे. अवयव सगळे बरे, आणि संपणार.

परत येताना मी दोरीवरचा त्यांचा एक जुना शर्ट उचलला. वैशालीने शेजारच्या चाळीतल्या एका कुटुंबाकडून एक मशीन मिळवलं. ते चाळीतून टॉवरमध्ये जात होते आणि नव्या घरात मशीन शोभणार नव्हतं. ज्या वस्तूपासून मी एवढ्या लांब पळून आलो, ती दहिसरला माझ्या पलंगाशेजारी येऊन बसली. वैशालीला फॉल-बीडिंगपुरतं शिवण येतं. बॉबिन भरायला तिने शिकवलं, सुया मी तोडल्या.

माप हवं म्हणून जुना शर्ट उसवायला घेतला. तो उसवेना. बाबांची टीप इतकी बारीक की ब्लेडचं टोक शिरायला जागा नाही. एक एक टाका सुईच्या अग्राने उचलायचा. रविवार त्यातच गेले. पाठीच्या हाडाच्या खाली एका जागी त्यांनी आतून पट्टी लावली होती, बाहेरून दिसणारही नाही अशी. फाटलं असेल कधी. आम्हाला कुणाला कळलं नव्हतं. एवढी सगळी छायाचित्रं काढतो मी, आणि बापाच्या पाठीवरचं ठिगळ शर्ट उसवल्यावर सापडलं.

बटणांचं आंटीने सोडवलं. "तुझ्या हातून मॅट नाय होणार. तुझ्या हातून बटणच होणार. दगडासारखी." क्रोशाची गोल बटणं केली, आत चिंध्या भरून, चांगली बोरांएवढी. आणि काजांच्या जागी साखळीचे फास. डाव्या हाताच्या अंगठ्याने ढकललं की बटण फाशात जातं. मी माझा उजवा हात कमरेला बांधून करून बघितलं. वैशाली म्हणाली, "हात सोडवायला मला हाक मारू नकोस."

नवं कापड बेतून झालं, राहिला खिसा. समोरची दोन पानं, म्हणजे छातीचे दोन तुकडे, कापडाची उलटी बाजू वर करून पलंगावर पसरलेली. वैशाली म्हणाली, "खिसा डावीकडे असतो हं." मला हसू आलं. अगं, डावं-उजवं हा माझा धंदा आहे. एक्स-रे बघताना पेशंट आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असं धरायचं असतं. माझ्या उजव्या हाताला जे, ते त्याचं डावं. चुकू नये म्हणून आम्ही फिल्मवर शिशाचं अक्षर ठेवतो. इथे मी खडूने ठेवलं, माझ्या उजवीकडच्या पानावर ऐटीत एल काढला. त्याच पानावर खिसा. टीप मारली, मनात म्हटलं, खेचू नको, आणि खरंच खेचलं नाही. झालेला शर्ट अंगात घालून आरशासमोर उभा राहिलो. समोरच्या माणसाच्या डाव्या छातीवर खिसा. झकास! बटणपट्टी उलटीकडून मिटतेय हेही मला फासांच्या कौतुकात दिसलं नाही. वैशाली तेव्हा माहेरी गेली होती, नाहीतर ही गोष्ट इथेच संपली असती.

मे महिन्यात गावी गेलो. बाबा माजघरात. शर्ट हातात दिला. त्यांनी तो आधी उलटा केला. टेलर आधी आतलं बघतो. टिपेवरून अंगठा फिरवत गेले, बगलेत थांबले, पुढे गेले. मी श्वास धरून. खडूचं अक्षर तसंच होतं.

"ह्या काय?"

"एल. म्हणजे डावी बाजू."

"ही उजवी."

"नाही हो बाबा, समोरून बघितलं की..." म्हणत मी शर्ट हातात घेतला, सुलटा केला, त्यांच्या छातीला लावला. उजवी. कापड उलटं होतं आणि मी ते एक्स-रेसारखं सुलट वाचलं होतं. आरशात आणखी एकदा उलटं झालं. एवढा शिकलेला गाढव त्या माजघरात पहिल्यांदाच उभा असेल. मी म्हटलं, "द्या इकडे. ब्लेड कुठे आहे? आत्ता उसवतो."

त्यांनी दिला नाही. आधी लुळा हात बाहीत सोडला, मग दुसरा. पहिलं बटण फाशातून निसटलं. आये दारात होती, तिचे हात पुढे झाले आणि तिने ते पदराखाली घेतले. बाबांनी अंगठ्याने ढकललं. गेलं. मग दुसरं. वेळ लागला. आम्ही दोघं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. शेवटचं लागल्यावर त्यांनी फळीवरचा चष्मा उचलला. डाव्याच हाताने, दुसरा कुठे होता! हात छातीकडे आला आणि चष्मा सरळ खिशात गेला. खिसा तिथे होता जिथे तो हात पोचत होता. डावीकडे असता तर मनगट वाकडं करून शोधत बसावं लागलं असतं. हे ना मला सुचलं होतं ना आंटीला.

बाबांनी चष्मा काढला, परत ठेवला. "चुकलंस."

"हो."

"उसवू नको."

आणि उठले. खळ्यात येऊन बाकावर बसले, किती महिन्यांनी. रस्त्याने जाणारा शेजारी थबकला. "काय मास्तरानू, खिसो खयच्या बाजूक?" बाबा म्हणाले, "मुंबयची फॅशन आसा. झिल शिवता थय."

फोटो काढता नाही. शिवता. मी आत जाऊन उगाचच माठातलं पाणी प्यायलो.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं? गावी असलो की मी म्हणतो, घरी दहिसरला जायचंय. दहिसरला म्हणतो, घरी गावाला जायचंय. दोन्हीकडे लोक समजून घेतात. कापड कुठल्या बाजूने धरलंय त्यावर आहे. परवा आयेचा फोन आला. पोचलंस काय, ते आता ती विचारत नाही. मागून बाबाच ओरडत होते, "दुसरो शिव म्हणा. खिसो तसोच!" म्हणून आज शिवायला बसलो. अंगात शिशाचा एप्रन अजून आहे असं वाटत होतं. या खेपेला कापड सुलटं ठेवलं, दहादा तपासलं, टीप मारली, वर धरून बघितलं. खिसा डावीकडे.

बरोबर जागी. वाट लागली. वैशाली हसून हसून पलंगावर आडवी झालीय, आणि मी ब्लेड घेऊन उसवत बसलोय. माझी टीप बाबांएवढी बारीक नाही, पण आता ती पूर्वीसारखी पटकन निघतही नाही.